पावसात सावकाश जाणारी गाडी

मंडळी, गेल्या जुलैत आमचे अप्पाकाका कणकवलीहून लंडनला आले होते. एका सकाळी त्यांना घेऊन स्टेशनवर गेलो, तर घोषणा झाली की, मुसळधार पावसामुळे गाड्या सावकाश चालवत आहोत, पाऊण तास उशीर होईल. मला ओशाळल्यासारखं झालं. "जगाला रेल्वे दिली त्यांच्या घरी ही तऱ्हा, काका!" मी म्हटलं. काका मात्र बाकावर ऐसपैस बसले. "अरे, पावसात गाडी सावकाश जाता, पण घराक पोचवता."

काका असं का म्हणाले, ते मला लगेच समजलं. २२ जून २००३, रविवार. रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली आणि कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची खास गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. इथे तेव्हा संध्याकाळ होती. माझा धाकटा भाऊ त्याच रात्री गावाहून मुंबईला परतणार होता, आणि गावचा फोन काही केल्या लागेना. इथल्या पहाटे साडेतीनला त्याचाच मुंबईहून फोन आला. गाडीचं तिकीट मिळालं नाही म्हणून तो एस.टी.नं आला होता! पुढच्याच वर्षी, जून २००४ मध्ये, महाडजवळच्या करंजाडीला मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. तोही दरडीमुळेच.

कोकण रेल्वेचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. १९९० मध्ये काम सुरू झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. ९१ बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली हे घडलं. पेडण्याच्या बोगद्यात तर ओली, भुसभुशीत माती पुन्हा पुन्हा खाली येई. पण रेल्वे बांधून झाली म्हणजे डोंगर शांत झाला असं नाही. त्याच पेडण्याला ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला, आणि जुलै २०२४ मध्ये बोगद्यात पाणी शिरून गाड्या थांबल्या. कोकणातला पाऊस दरवर्षी नव्यानं परीक्षा घेतो.

म्हणून दोन अपघातांनंतर डोंगरांचे उतार कमी केले, दरडींवर जाळ्या ठोकल्या, पर्जन्यमापक बसवले. पावसाळ्यात शेकडो गस्तवाले रात्रंदिवस रुळांवरून चालतात. गाड्यांचं पावसाळी वेळापत्रकच वेगळं असतं, आणि पाऊस इतका असला की समोरचं दिसत नाही, तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणतात. आपण घड्याळ बघून कुरकुरतो ती हीच गाडी.

हा धडा विलायतेलाही शिकावा लागला. १२ ऑगस्ट २०२० रोजी स्कॉटलंडमध्ये स्टोनहेवनजवळ सकाळच्या मुसळधार पावसानं रुळांवर दगडगोटे वाहून आले. गाडी मात्र नेहमीच्याच वेगानं, ताशी सुमारे ७३ मैलांनी, येत होती. चालक, गार्ड आणि एक प्रवासी दगावले. चौकशीत निघालं की तिथला पाण्याचा निचरा आराखड्याप्रमाणे बांधलेलाच नव्हता. त्यानंतर इथेही अतिवृष्टीत वेग कमी करण्याचे नियम अधिक काटेकोर झाले. आमच्या फलाटावरची घोषणा त्यातलीच.

मग जपानचं काय? १९६४ पासून तोकियो–ओसाका ही ५१५ किलोमीटरची वाट बुलेट ट्रेन धावते आहे, आणि उशीर सरासरी एक-दोन मिनिटांच्या आसपास. यात जादू नाही. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत तिथे एकही प्रवासी गाडी धावत नाही. ती वेळ रुळांच्या दुरुस्तीची. भूकंपाची चाहूल लागताच वीज तोडून गाड्या थांबवण्याची सोय आहे. २००४ मध्ये निगाताच्या भूकंपात एक गाडी रुळांवरून उतरली, पण कुणी दगावलं नाही. बुलेट ट्रेन घसरून किंवा आदळून आजवर एकही प्रवासी मेलेला नाही. जपानी गाडी वेळेवर येते, कारण ती रोज रात्री थांबते!

पाऊण तासानं आमची गाडी आली. खिडकीतून भिजलेल्या टेकड्या बघत काका गप्प होते. मग म्हणाले, "ह्यांचे डोंगर आपल्यापेक्षा बुटके. तरी घाबरतत, ता बरा."

तेव्हा मंडळी, पुढच्या पावसाळ्यात गावी जाल आणि गाडी दोन तास उशिरा रत्नागिरीला पोचेल, तेव्हा कुणावर चिडू नका. भर पावसात कंदील घेऊन कुणीतरी तुमच्या आधी ती वाट चालून गेलेलं असतं. आणि इथे फोनजवळ बसलेल्या माणसांना मात्र पोचल्यापोचल्या कळवा.