दारूगोळा कारखान्याच्या दारात टँकर

कुंभार पिंपळगावसारख्या गावातल्या एखाद्या तरुणाने तेल-रसायनांचा छोटा व्यवसाय काढला, तर सैन्याला लागणारा दारूगोळा बनवणारे वरणगाव, भंडारा इथले कारखानेही त्याचे गिऱ्हाईक होऊ शकतात. तिथे यंत्रांना हायड्रॉलिक तेल आणि कूलंट लागते, भंडाऱ्यात प्रणोदकांसाठी आम्लेही. २०२१पासून हे कारखाने पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत.

वाट कागदांची आहे. आधी लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी, मग सरकारी खरेदीचे जेम पोर्टल. २०१२च्या सरकारी खरेदी धोरणानुसार सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यायची असते. अशा उद्योगांना निविदेची बयाणा रक्कमही माफ आहे.

खरी कसोटी फाटकावर लागते. चालकाची ओळख तपासतात, टँकरचे आधी भरलेले आणि नंतर रिकामे वजन घेतात, नमुना प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरल्याशिवाय माल उतरवून घेत नाहीत. हिशेब करताना घनता विसरू नये : एक लिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल सुमारे १.८४ किलो भरते, म्हणून पाण्याच्या मापाचा टँकर त्याला चालत नाही.

माल स्वीकारल्यावर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळावेत, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६चा कायदा सांगतो. माझ्या मते लहान पुरवठादाराने हे कलम पाठच करावे, कारण त्याचे भांडवल टँकरच्या एकाच फेरीत अडकलेले असते.