कानावर पडणारी जाहिरात

छापील जाहिरात वाचायला माणसाला थांबावे लागते. आवाज मात्र हातातले काम चालू असतानाच कानात शिरतो. म्हणून आवाजी जाहिरातीची सारी कारागिरी एकाच प्रश्नावर उभी असते: ऐकणारा कुठे आहे आणि तिथवर शब्द किती शाबूत पोचतात? हे समजून घ्यायला पनवेल फार सोयीचे. १८५२ मध्येच नगरपालिका मिळालेले खाडीकाठचे जुने व्यापारी गाव, सिडकोने वसवलेले नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर आणि भोवतालची आगरी-कोळी गावे असे तीन तऱ्हांचे श्रोते २०१६ पासून इथे एकाच महापालिकेत आहेत.

या कलेची सर्वांत जुनी रीत दवंडीची. आधी वाद्याचा ठोका, मग मोजक्या शब्दांत मजकूर, मग पुढच्या चौकात पुन्हा तेच. लक्ष वेधणे, सांगणे, पुन्हा सांगणे हा क्रम आजही बदललेला नाही.

दवंडीची वारस म्हणजे भोंग्याची रिक्षा. टपावर एक भोंगा पुढे, एक मागे, आत ॲम्प्लिफायर आणि पेन ड्राइव्हवर फिरत राहणारे रेकॉर्डिंग. साड्यांचा सेल, नवा दवाखाना, क्लासचे प्रवेश, वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहातला प्रयोग अशा एका गावापुरत्या गोष्टींना हे साधन नेमके बसते. भोंगा खालचे खर्जाचे स्वर आणि वरचे बारीक स्वर गाळतो. मधला पट्टा तेवढा जोरात फेकतो. त्यामुळे स्टुडिओत भारदस्त वाटणारा खर्जातला आवाज रस्त्यावर नुसता घुमतो, आणि किंचित चढा, मोकळा, व्यंजने ठसठशीत उच्चारणारा आवाज दूरवर कळतो. शब्दांखाली संगीत घातले की शब्दच कळेनासे होतात.

मजकूर लिहितानाही हिशेब लागतो. ताशी १० किलोमीटर वेगाने जाणारी रिक्षा सेकंदाला सुमारे पावणेतीन मीटर सरकते. शब्द नीट कळण्याचा टप्पा एकूण ८० मीटर धरला, तर दारात उभ्या माणसाला जेमतेम अर्धा मिनिट मिळते. तेही मजकुराच्या सुरुवातीपासून मिळेल याची खात्री नाही. म्हणून दुकानाचे नाव आणि ठिकाण त्या अर्ध्या मिनिटात दोनदा तरी यावे लागते आणि प्रत्येक वाक्याला स्वतःपुरता अर्थ असावा लागतो. ‘टपाल नाक्याजवळ’ हे दोन शब्द मालाच्या चार विशेषणांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

या आवाजाला मर्यादा आहेत आणि त्या असायलाच हव्यात. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर वाजवता येत नाही. दिवसा व्यापारी भागासाठी ६५, निवासी भागासाठी ५५ आणि शांतता क्षेत्रासाठी ५० डेसिबल ही पातळी ठरली आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आजारी माणसाच्या खिडकीखाली वाजलेली जाहिरात दुकानाचे नाव खराबच करते, हे जाणता दुकानदार नियमाशिवायही ओळखतो.

उंच इमारतींच्या वसाहतीत, बंद काचांआड, भोंगा निष्प्रभ ठरतो. तिथे मोबाइल आणि सायन-पनवेल महामार्गावरच्या गाडीतला रेडिओ कामी येतो. रेडिओच्या जाहिरातीला भारतात वळण लागले ते काहीसे आडवाटेने. १९५२ मध्ये माहितीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरची चित्रपटगीते आटली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. त्याच वर्षअखेरीस तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. टूथपेस्टच्या नावाचा हा कार्यक्रम निवेदक अमीन सयानींच्या आपुलकीच्या बोलण्याने घरोघरी पोचला. पुढे आकाशवाणीची विविध भारती आली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर तिची जाहिरात सेवा सुरू झाली. मराठी उद्योजक केशव विष्णु पेंढरकर यांच्या विको कंपनीच्या जिंगल्स अनेकांना आजही चालीसकट पाठ आहेत.

मराठी आवाजाचे उत्तम शिक्षण आकाशवाणीच्या श्रुतिकांनी दिले. ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी घरातल्यासारखे बोलत आणि त्या बोलण्यात ओघानेच माहिती सांगून जात. नवरा-बायकोच्या संवादातून वस्तू सुचवणाऱ्या जाहिरातीला हाच सूर लागतो. २० सेकंदांच्या स्पॉटमध्ये साधारण ४० ते ४५ शब्द सुखाने बसतात. त्याहून जास्त कोंबले की निवेदक धावतो आणि विश्वास उडतो. माइकवर ‘प’, ‘भ’ यांचा श्वास आदळू न देणे, श्वास वाक्याच्या मध्येच न तोडणे आणि दहाव्या टेकलाही पहिल्याइतका ताजेपणा ठेवणे, हे सारे सरावाने येते.

खरी कसोटी उच्चारांची. ‘चांगला’, ‘जवळ’, ‘झाड’ यांतली दंत्य व्यंजने हिंदी वळणाने उच्चारली, की बोलणारा परका आहे हे मराठी कानाला तत्क्षणी कळते. हिंदी मजकूर शब्दशः मराठीत आणून बिनसरावाच्या आवाजात वाचून घेणे ही या धंद्यातली सर्वांत महाग पडणारी काटकसर. पनवेल परिसरात आगरी बोलीलाही मोठी ताकद आहे, पण ती बोली जगणाऱ्याच्याच तोंडून आली तर. हशा पिकवण्यापुरती वापरलेली बोली त्याच गिऱ्हाइकाचा अपमान करते.

आवाज ही मालमत्ताही आहे. ट्रेड मार्क नियम २०१७ प्रमाणे ३० सेकंदांपर्यंतची एमपी३ फाइल स्वरलेखनासह देऊन ध्वनिचिन्हाची नोंदणी मागता येते. निवेदकाच्या बाबतीत रेकॉर्डिंग कोणत्या माध्यमांवर, किती काळ आणि कोणत्या शहरांत वाजणार हे आधीच लेखी ठरवणे न्यायाचे ठरते. भोंग्यासाठी घेतलेला आवाज मानधनाशिवाय रेडिओवर जाऊ नये. कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाजाची नक्कल सहज होऊ लागल्यावर हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात अंतरिम आदेश देऊन त्यांच्या आवाजाच्या अशा विनापरवाना वापराला मनाई केली. छोट्या शहरांतल्या निवेदकांना मात्र अजून दोन ओळींचा साधा करारही क्वचितच मिळतो.