विश्लेषण : मल्टिप्लेअर गेमची ‘बीटा’ चाचणी नेमके काय बदलते? खेळाडूंचे खरेच ऐकले जाते का?

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘बॅटलफील्ड ६’ बाजारात यायला दोन महिने बाकी होते. तरीही संगणकावरील गेमविक्रीच्या ‘स्टीम’ या मंचावर एकाच वेळी तो खेळणाऱ्यांची संख्या ५ लाख २१ हजारांवर गेली. हा गेम अजून अपूर्ण होता आणि दोन आठवडाअखेरींपुरताच सर्वांसाठी मोफत खुला केला होता. चुका शोधण्यासाठी केलेल्या या व्यवस्थेला ‘ओपन बीटा’ म्हणतात. मात्र अलीकडच्या बीटा चाचण्या पाहिल्या तर त्या चाचणीइतक्याच जाहिरातीही असतात. त्यामुळे फुकटात तासन् तास खेळून चुका दाखवणाऱ्या खेळाडूच्या मताला खरेच किंमत असते का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

बीटा चाचणी म्हणजे काय?

सॉफ्टवेअर तयार होताना आधी ‘अल्फा’ आणि मग ‘बीटा’ असे टप्पे असतात. अल्फा आवृत्ती कच्ची असते, अनेक गोष्टी अर्धवट असतात आणि ती मोजक्याच लोकांना दिली जाते. बीटापर्यंत मुख्य भाग उभा राहिलेला असतो आणि उरते ती दुरुस्ती. बीटाचेही दोन प्रकार आहेत. ‘क्लोज्ड बीटा’मध्ये निवडलेल्या खेळाडूंना प्रवेश मिळतो, तर ‘ओपन बीटा’ कोणीही डाउनलोड करू शकतो.

ही पद्धत नवी नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवरील ‘हॅलो ३’ची सार्वजनिक बीटा मे-जून २००७ मध्ये झाली आणि आठ लाखांहून अधिक लोक त्यात खेळले. ‘क्रॅकडाउन’ हा दुसराच गेम विकत घेतला की त्यासोबत या बीटाचा प्रवेश मिळत असे. म्हणजे चाचणी आणि विक्री यांची सांगड तेव्हाच बसली होती. एप्रिल २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’च्या क्लोज्ड बीटाचा प्रवेश हवा असेल, तर ‘ट्विच’वर इतरांचा खेळ पाहत बसावे लागे. पहिल्याच दिवशी तिथे एका वेळी १७ लाख प्रेक्षक जमले. एवढी प्रसिद्धी पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

कंपनीकडे परीक्षक असतात, मग लाखो खेळाडू कशाला?

काही चुका गर्दीशिवाय दिसतच नाहीत. कार्यालयातील शंभर परीक्षक बंदुकीचा आवाज किंवा नकाशातील भोक शोधू शकतात, पण एकाच मिनिटाला दोन लाख लोकांनी लॉगिन केले तर काय होईल हे त्यांना कळू शकत नाही. लॉगिनची रांग, समान कौशल्याच्या खेळाडूंच्या जोड्या जुळवणारी यंत्रणा आणि सर्व्हर या तिन्हींची परीक्षा खऱ्या गर्दीतच होते. ‘बॅटलफील्ड ६’च्या बीटातही सुरुवातीला खेळाडूंना मोठ्या रांगेत थांबावे लागले.

दुसरे कारण यंत्रांचे. कन्सोल सगळीकडे जवळजवळ सारखे असतात, पण संगणकात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मेमरी आणि ड्रायव्हर यांच्या असंख्य जोड्या संभवतात. त्या सगळ्या प्रयोगशाळेत मांडता येत नाहीत, खेळाडूंच्या घरी मात्र त्या आयत्याच असतात.

तिसरे कारण अंतराचे. अनेक गेमचे सर्व्हर सेकंदाला ६० वेळा खेळाची स्थिती ताजी करतात, म्हणजे साधारण दर १७ मिलिसेकंदांनी एकदा. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. म्हणजे संदेश जाऊन परत यायला किमान ३९ मिलिसेकंद लागतात. वाटेतील वळसे आणि उपकरणे धरली की प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ जातो. आपण भिंतीआड गेलो असे स्क्रीनवर दिसत असतानाच समोरच्याची गोळी लागते, त्यामागे अनेकदा हेच गणित असते. कोणत्या भागात किती खेळाडू आहेत आणि जवळ सर्व्हर ठेवणे परवडेल का, याचा अंदाज कंपन्यांना बीटातून येतो.

‘बॅटलफील्ड ६’मध्ये चाचणीनंतर काय बदलले?

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने (ईए) दिलेल्या आकड्यांनुसार या बीटात खेळाडूंनी मिळून ९ कोटी २० लाख तास खेळून काढले. खेळाडू कुठे मेला, कोणत्या बंदुकीने, किती अंतरावरून, सामना किती वेळ चालला, कोणी मध्येच सोडला, अशा नोंदी सर्व्हरवर आपोआप होतात. याला ‘टेलिमेट्री’ म्हणतात.

यातून झालेला सर्वांत ठळक बदल हालचालीचा होता. जमिनीवर घसरत जाऊन लगेच उडी मारली की खेळाडूला प्रचंड वेग मिळत असे आणि हवेत असतानाच तो नेमबाजीही करू शके. लढाईचा गेम खेळतोय की कसरतीचा, अशी तक्रार झाली. बीटानंतर घसरण्यातून उडीत येणारा वेग कमी केला गेला, लागोपाठ उड्यांना लगाम लागला आणि उडी मारताना नेम अधिक विस्कटेल असे केले गेले. ‘एम८७ए१’ ही शॉटगन फारच घातक ठरत होती. समोरच्याला मारण्यासाठी तिचे अधिक छर्रे लागावेत, असा बदल झाला.

हे सगळे बदल आकड्यांचे आहेत. वेग, छर्रे, झटका ही मूल्ये गेमच्या प्रणालीत रेडिओच्या बटणासारखी फिरवता येतात. दोन महिन्यांत होण्याजोगी ही कामे होती.

नकाशांबाबतची तक्रार वेगळी होती. बीटातील नकाशे लहान वाटतात, असे अनेक जुन्या खेळाडूंचे म्हणणे होते. मोठे नकाशे पूर्ण गेममध्ये आहेत, हे विकासकांचे उत्तर होते. खेळाडू तुकड्यावरून संपूर्णाचा अंदाज बांधतात आणि तो तुकडा कंपनी निवडते. बीटाची ही मर्यादा दोन्ही बाजूंना अडचणीची ठरते.

खेळाडूंचे म्हणणे आणि वागणे वेगळे असेल तर?

‘बॅटलफील्ड’मध्ये असॉल्ट, इंजिनीअर, सपोर्ट आणि रीकॉन असे चार वर्ग असतात. ठरावीक बंदुका ठरावीक वर्गालाच मिळाव्यात, म्हणजे ‘क्लोज्ड वेपन्स’ पद्धत असावी, हा जुन्या चाहत्यांचा आग्रह होता. नव्या गेममध्ये कोणत्याही वर्गाने कोणतीही बंदूक घ्यावी असा विचार पुढे आला आणि वाद पेटला. बीटात दोन्ही पर्याय दिले गेले. बहुसंख्य खेळाडू खुल्या पद्धतीकडेच वळले, असे विकासकांनी नंतर सांगितले. अंतिम गेममध्ये दोन्ही पर्याय ठेवले, पण मुख्य दिशा खुल्या पद्धतीची राहिली.

या उदाहरणातून दोन गोष्टी दिसतात. सर्वांत मोठा आवाज करणारे खेळाडू बहुसंख्य असतीलच असे नाही. मात्र आकडेही निरपेक्ष नसतात. एक पर्याय पहिल्याच पडद्यावर ठळक असेल आणि दुसरा मेन्यूत खाली असेल, तर निवड तिथेच झुकते. शिवाय दोन-चार दिवसांसाठी आलेला नवखा खेळाडू समोर दिसेल ते बटण दाबतो. वर्षभर गेम टिकवणाऱ्या खेळाडूची आवड त्या आकड्यात दबून जाऊ शकते. टेलिमेट्री ‘काय घडले’ ते सांगते, ‘का घडले’ हे माणसांना विचारावेच लागते.

बीटात काय बदलत नाही?

गेमचा पाया बदलत नाही, कारण तेवढा वेळच उरलेला नसतो. याच मालिकेतील ‘बॅटलफील्ड २०४२’ची बीटा ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली आणि गेम १९ नोव्हेंबरला आला. वर्गांऐवजी आणलेले ‘स्पेशालिस्ट’ खेळाडूंना रुचले नव्हते. पण सहा आठवड्यांत अशी मूळ रचना उलटवता येत नाही. प्रकाशनानंतर गेमवर टीकेची झोड उठली आणि वर्गपद्धत परत आली ती थेट २०२३च्या सुरुवातीला.

सोनीच्या ‘कॉन्कॉर्ड’ची गोष्ट त्याहून बोलकी आहे. जुलै २०२४ मधील बीटात स्टीमवर एका वेळी सर्वाधिक २,३८८ खेळाडू दिसले. बीटाने खरे उत्तर दिले होते. पण ते ऐकून काही करायला जेमतेम महिना होता. ४० डॉलर किमतीचा हा गेम २३ ऑगस्टला आला आणि ६ सप्टेंबरला बंद करून ग्राहकांना पैसे परत दिले गेले. ऑक्टोबरअखेर तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओही बंद झाला. वर्षानुवर्षे त्यावर काम केलेल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

मग वेळेत ऐकले तर?

बंजी या स्टुडिओच्या ‘मॅरेथॉन’ची क्लोज्ड अल्फा एप्रिल २०२५ मध्ये झाली. प्रकाशन २३ सप्टेंबरला ठरले होते. प्रतिक्रिया थंड आल्या आणि जूनमध्ये कंपनीने ते पुढे ढकलले. जवळच्या खेळाडूंशी थेट बोलण्याची सोय शिवीगाळीच्या भीतीने देणार नाही, असे आधी ठरले होते. पुढच्या चाचणीत ती सोय आली आणि एकट्याने खेळण्याचा पर्यायही आला. हे बदल बंदुकीचे छर्रे कमीजास्त करण्यापलीकडचे होते. तारीख सोडण्याची तयारी दाखवली, म्हणूनच ते शक्य झाले.

‘बॅटलफील्ड’नेही २०४२च्या अनुभवानंतर फेब्रुवारी २०२५ मध्येच ‘बॅटलफील्ड लॅब्ज’ हा उपक्रम जाहीर केला आणि निवडक खेळाडूंना अपूर्ण गेम आधीच खेळायला दिला. ऑगस्टमधील ओपन बीटा हा त्या साखळीतला शेवटचा दुवा होता.

खेळाडूला यासाठी काय मोजावे लागते?

बीटा फुकट असली तरी तिच्यासाठी वेळ द्यावा लागतो, माहिती द्यावी लागते आणि आता संगणकावरील काही अधिकारही द्यावे लागतात. फसवणूक रोखणारी आजची अनेक सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’ पातळीवर काम करतात. ‘व्हॅलोरंट’चे ‘व्हॅनगार्ड’ संगणक सुरू होतानाच चालू होते, हे बीटात लक्षात आल्यावर खेळाडूंनी आक्षेप घेतला. त्यानंतर ते बंद करता येईल असे चिन्ह टास्कबारमध्ये दिले गेले.

‘बॅटलफील्ड ६’ने त्यापुढे जाऊन ‘सिक्युअर बूट’ सक्तीचे केले. यात संगणक सुरू होताना मान्यताप्राप्त डिजिटल स्वाक्षरी असलेलीच प्रणाली चालू होते. ही सोय अनेकांच्या संगणकात बंद असते आणि ती बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. काही जुन्या संगणकांत ते शक्यच नसते. लिनक्सवर चालणाऱ्या ‘स्टीम डेक’सारख्या उपकरणांची दारेही बंद झाली. दुसरीकडे, बीटाच्या पहिल्या दोन दिवसांतच फसवणुकीचे ३ लाख ३० हजार प्रयत्न अडवल्याचे ईएने सांगितले. तरीही चीटर दिसल्याच्या तक्रारी आल्याच. प्रामाणिक पण जुन्या संगणकाच्या मालकाला बाहेर ठेवायचे की चीटरला आत येऊ द्यायचे, या वादावर बीटातून तोडगा निघाला नाही. पण प्रकाशनाआधी तो उघड्यावर आला, एवढे मात्र झाले.

महाराष्ट्रात असा प्रयोग झाला आहे का?

पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ने ‘इंडस’ हा भारतीय कल्पनाविश्वावरील बॅटल रॉयल गेम बनवला. त्याची अँड्रॉइडवरील क्लोज्ड बीटा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि गेम १६ ऑक्टोबर २०२४ रोजी आला, म्हणजे मध्ये वर्षभराचा अवधी होता. मोबाइल गेमसाठी तो गरजेचाही असतो. भारतात बहुतेक जण फोनवर खेळतात. फोन तापला की खेळ अडखळतो, वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेले की जोडणी तुटते, ऐन लढतीत कॉल येतो. अशा अडचणी स्वस्तातल्या फोनवर, खऱ्या नेटवर्कवर खेळूनच कळतात. अर्थात पुरेसा वेळ दिला म्हणून यश हमखास मिळते असे नाही. ‘बीजीएमआय’सारख्या प्रस्थापित गेमशी स्पर्धा होतीच. मित्र जिथे खेळतात तिथून खेळाडूला हलवणे कोणत्याही बीटाच्या हातात नसते.

पुढची बीटा खेळताना काय पाहावे?

चाचणी आणि प्रकाशन यात किती अंतर आहे, हे आधी पाहावे. चार-सहा आठवडेच असतील तर सर्व्हर आणि बंदुकांची ताकद सुधारेल, गेमचा स्वभाव बदलणार नाही. बीटात जो स्वभाव आवडला नाही, तो आगाऊ नोंदणी करून विकत घेतल्यावरही आवडण्याची शक्यता कमीच. तक्रार करताना ‘गेम बेकार आहे’ एवढे लिहून भागत नाही. कोणता नकाशा, कोणते यंत्र, पिंग किती आणि नेमके काय घडले हे लिहिले, तर टेलिमेट्रीत न सापडणारे कारण विकासकाला सापडू शकते. आणि कंपनीने ऐकले की नाही, हे ‘तुमच्या प्रतिसादाबद्दल आभार’ या ओळीवरून ठरवू नये. काय बदलले, काय का बदलले नाही आणि गरज पडली तेव्हा तारीख पुढे गेली का, यावरूनच ते कळते.