हिरव्या गोंदणापासून रंगीत टॅटूपर्यंत

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या आमच्या वाचकांनी शिवाजी पार्कच्या गर्दीत पुस्तकांच्या, मूर्तींच्या आणि बिल्ल्यांच्या दुकानांबरोबर गोंदणाची दुकानेही पाहिली असतील. छोटे यंत्र घुं घुं करीत असते, एखादा तरुण दात-ओठ आवळून बसलेला असतो आणि त्याच्या हातावर ‘जय भीम’ उमटत असते. आता मुलांना नुसती काळी अक्षरे पुरत नाहीत. निळ्या कोटातले बाबासाहेब हवेत, पंचशील ध्वजाचे रंग हवेत. घरी आल्यावर आई कपाळाला हात लावते. "अगं आई, बाबासाहेबच आहेत ना हातावर?" असे पोरगा म्हणतो. "ते डोक्यात असू दे की रे बाबा आधी!" असे उत्तर येते.

आम्हाला दोघांचेही पटते. पण भांडण्याआधी हे रंग आले कुठून, ते समजून घेतलेले बरे.

आज्यांच्या हातावरची तुळस

आपल्या आज्यांच्या हातांवर गोंदण होतेच. गावात गोंदणारी बाई यायची, पसाभर धान्य घ्यायची आणि सुईने काजळी टोचायची. तुळस, विंचू, ठिपके, नवऱ्याचे नाव. लहान पोरीला धरून बसवायचे; तिला काय हवे, हे विचारतो कोण? काळी काजळी कातडीखालून निळसर-हिरवी दिसते, म्हणून साऱ्या आज्यांचे गोंदण हिरवे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यपणाची ओळख पटवणारा पेहराव आणि दागिने टाकून द्या. आमच्या माउल्यांनी ते टाकले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर घरातले देवही गेले. पण हातावरची तुळस कशी जाणार? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या कित्येक आज्या ती हिरवी तुळस हातावर घेऊनच जगल्या आणि तशाच गेल्या. दुसऱ्याने दिलेली खूण पुसता येत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक?

बाजारातले चित्र मोठे झाले

अमेरिकेतही गोंदण ही गरिबांचीच कला. खलाशी, शिपाई, कामगार हे तिचे गिऱ्हाईक. दुकानाच्या भिंतीवर ठरावीक चित्रांचे तक्ते लावलेले असत. नांगर, हृदय, गुलाब, वाघ. बोट दाखवायचे, पैसे द्यायचे, गोंदून घ्यायचे. न्यूयॉर्क शहराने तर १९६१ मध्ये कावीळ पसरते या कारणाने गोंदणावर बंदीच घातली. ती १९९७ मध्ये उठली.

गंमत अशी की, त्याच शहरात त्याच सुमारास पॉप आर्ट नावाची चित्रकला जोरात होती. रॉय लिक्टेनस्टाईन मुलांच्या चित्रकथांतील चौकटी मोठ्या करून जाड काळी रेघ, भडक रंग आणि छापखान्यातले ठिपके यांनी रंगवू लागला. अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. बाजारातल्या चित्राला नाक मुरडणाऱ्यांना दोघांनी तेच चित्र गॅलरीत नेऊन दाखवले. बाजारातली चित्रे मानाने भिंतीवर नेऊन लावणे आपल्याला नवे नाही. निळ्या कोटातल्या बाबासाहेबांची कॅलेंडरे आपण वर्षानुवर्षे घराघरांत लावत आलो.

याच काळात कॅलिफोर्नियात एक तरुण उलट दिशेने चालला होता. त्याचे नाव डॉन एड हार्डी, जन्म १९४५. मित्राच्या वडिलांच्या अंगावरचे गोंदण पाहून हा दहा वर्षांचा पोरगा रंगीत पेन्सिलींनी शेजारच्या मुलांच्या अंगावर चित्रे काढी. पुढे १९६७ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या कला महाविद्यालयातून छापचित्रकलेची पदवी घेतली. येल विद्यापीठात पुढे शिकण्याची संधी आली, ती सोडून त्याने गोंदणाची सुई हातात घेतली. १९७३ मध्ये तो जपानला होरिहिदे या उस्तादाकडे शिकायला गेला.

परतल्यावर १९७४ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत दुकान उघडले. तेथे तक्त्यावर बोट ठेवायचे नाही. आधी वेळ ठरवून यायचे, बसून बोलायचे आणि मग त्या एका माणसासाठी चित्र तयार व्हायचे. खलाशांची कवटी, वाघ आणि हृदय त्याने टाकून दिले नाही. त्यांनाच जपानी चित्रांची लय आणि झगझगीत रंग देऊन त्याने आपली शैली घडवली. २००० मध्ये त्याने ५०० फूट लांबीच्या कागदावर २००० ड्रॅगन रंगवले. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दे यंग संग्रहालयात त्याच्या कामाचे प्रदर्शन भरले. ज्या कलेला गल्लीतली म्हणून हिणवले, ती संग्रहालयात पोहोचली.

आज जाड रेघेचे, लाल-पिवळ्या-निळ्या सपाट रंगांचे आणि ठिपक्यांचे जे टॅटू दिसतात, ते या दोन्ही वाटांनी आले आहेत. आम्हाला यातली एक गोष्ट मोलाची वाटते. गोंदवून घेणाऱ्याला आधी विचारले गेले. आमच्या आजीला कोणी विचारले नव्हते.

सुई नवी, शाई नवी

म्हणून मुलामुलींनो, विचारले गेल्यावर उत्तरही विचार करूनच द्या. गोंदणाची शाई कातडीच्या खालच्या थरात जाते. सुईला दुसऱ्याचे रक्त लागलेले असेल, तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा धोका असतो. जत्रेच्या गर्दीत एकामागून एक हात पुढे येतात, तेथे सुई प्रत्येकाला बदलते का? शाईची छोटी वाटी प्रत्येकाला वेगळी आहे का? कारागिराने नवे हातमोजे घातले का? सुईचे पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडले नाही, तर उठून चालू लागा. यात लाज कसली?

रंगांचेही पाहा. लाल शाईने खाज आणि सूज येण्याच्या तक्रारी अधिक असतात. पुढे लेझरने काढायचे ठरवले, तर काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो. हिरवा, पिवळा आणि निळा हट्टी असतात. गोंदवल्यापासून एक वर्ष रक्तदान करता येत नाही. १४ एप्रिलच्या शिबिरात रक्त द्यायचे असेल, तर हिशेब आधीच करा. सैन्यात किंवा केंद्रीय पोलीस दलात जायचे असेल, तर गोंदण कुठे आणि केवढे चालते याचे कडक नियम आहेत. मानेवरच्या किंवा दंडावरच्या मोठ्या रंगीत चित्रापायी मेहनतीने कमावलेली भरती हातची जाऊ शकते. जाहिरात वाचा, मग यंत्राखाली हात धरा.

आणि आयांनो, तुम्हालाही एक विनंती. पोराने हात रंगवून आणला म्हणून लगेच आकांडतांडव नको. पिढ्यान्‌पिढ्या इतरांनी आपल्याला खुणा दिल्या. आज आपले लेकरू स्वतःची खूण स्वतः निवडते आहे. त्याला जवळ बसवा, आजीच्या हातावरच्या तुळशीची गोष्ट सांगा. मग विचारा, "बाळा, हातावरच्या बाबासाहेबांची पुस्तके किती वाचलीस?" या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याच्या हातावरचा निळा रंग आम्हालाही आवडेल.