स्मृतिपट्टिका, संगणकाची

स्मृतिपट्टिका, संगणकाची : मध्यवर्ती प्रक्रियकास चालू कामासाठी लागणारी माहिती व सूचना तात्पुरत्या साठवून ठेवणाऱ्या संकलित मंडलांची पट्टिका. मदरबोर्डवरील लांबट खोबणीत ती बसविली जाते. व्यवहारात तिला ‘रॅम’ म्हणतात. संगणक जुना झाला, तरी तो टाकून न देता पट्टिका बदलून वा वाढवून त्याची कार्यक्षमता सुधारता येते. मात्र पट्टिका संगणकाशी सुसंगत नसेल, तर खर्च वाया जातो आणि प्रसंगी साठविलेली माहितीही बिघडते.

या स्मृतीत प्रत्येक बिट सूक्ष्म धारित्रावरील विद्युत् भाराच्या रूपात साठविला जातो. ही रचना रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधली व तिचे एकस्व त्यांना १९६८ मध्ये मिळाले. धारित्रातील भार सतत गळत असल्यामुळे तो ठराविक काळाने पुन्हा भरावा लागतो. सर्वसाधारण तापमानास डीडीआर४ पर्यंतच्या प्रकारांत हा काळ ६४ मिलिसेकंद, तर डीडीआर५ मध्ये ३२ मिलिसेकंद असतो. हे सर्व काम स्मृतिनियंत्रक करतो. आधुनिक संगणकांत तो प्रक्रियकातच अंतर्भूत असतो. म्हणून सुसंगतीचा विचार मदरबोर्ड व प्रक्रियक या दोहोंच्या दृष्टीने करावा लागतो.

पिढी : डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ व डीडीआर५ यांची मानके अनुक्रमे २००३, २००७, २०१२ व २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे विद्युत् दाब अनुक्रमे १·८, १·५, १·२ व १·१ व्होल्ट आहेत. पहिल्या दोहोंच्या पट्टिकांना २४०, तर नंतरच्या दोहोंना २८८ संपर्कबिंदू असतात. संपर्कबिंदूंची संख्या सारखी असली, तरी कडेवरील खाचेची जागा वेगळी असते. त्यामुळे एका पिढीची पट्टिका दुसरीच्या खोबणीत बसत नाही. ती बळाने दाबल्यास खोबण मोडते. इंटेलचे बाराव्या पिढीचे काही प्रक्रियक डीडीआर४ व डीडीआर५ या दोहोंवर चालतात. पण मदरबोर्ड सामान्यतः यांपैकी एकाच प्रकारचा असतो.

प्रकार : टेबलावरील संगणकाची पट्टिका सु. १३३ मिमी. लांब असते; लॅपटॉपमधील पट्टिका जवळजवळ निम्म्या लांबीची असून ती येथे चालत नाही. सेवा-संगणकांसाठीच्या ‘रजिस्टर्ड’ पट्टिका जुन्या बाजारात पुष्कळदा स्वस्त मिळतात. परंतु घरगुती संगणकांत त्या चालत नाहीत. डीडीआर४ मध्ये त्या खोबणीत बसतातही. त्यामुळे फसगत होण्याचा संभव अधिक असतो.

धारकता : एका खोबणीत व एकूण किती गिगाबाइट चालतात, हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. एकूण धारकतेबरोबर चिपांची घनताही महत्त्वाची असते. उदा., इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतचे घरगुती प्रक्रियक ८ गिगाबिट घनतेच्या डीडीआर३ चिपा ओळखत नाहीत. म्हणून १६ गिगाबाइटची एकच डीडीआर३ पट्टिका त्यांवर चालत नाही. तसेच ३२ बिटांच्या घरगुती विंडोज प्रणालीस ४ गिगाबाइटपेक्षा अधिक स्मृती वापरता येत नाही.

वेग : ‘डीडीआर४-३२००’ यातील आकडा दर सेकंदास होणारी संक्रमणे दशलक्षांत दाखवितो. प्रत्येक संक्रमणात ८ बाइट जात असल्याने कमाल प्रवाह सेकंदास २५,६०० मेगाबाइट होतो. ‘सीएल’ हा आकडा विलंब स्पंदांच्या संख्येत सांगतो. डीडीआर४-३२०० मध्ये सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर५-६००० मध्ये सीएल ३० म्हणजेही १० नॅनोसेकंदच. त्यामुळे केवळ सीएलचा आकडा मोठा आहे, एवढ्यावरून पट्टिका मंद ठरत नाही. भिन्न वेगांच्या पट्टिका एकत्र लावल्यास सर्व पट्टिका सर्वांत मंद पट्टिकेच्या वेगाने चालतात.

जोडी : बहुतेक संगणकांत नियंत्रकाला दोन वाहिन्या असतात. एकाच १६ गिगाबाइट पट्टिकेऐवजी ८ गिगाबाइटच्या दोन समान पट्टिका योग्य खोबणींत लावल्यास दोन्ही वाहिन्या वापरात येतात. चार खोबणी असल्यास प्रक्रियकापासून दुसरी व चौथी खोबण बहुधा प्रथम भरावयाची असते. जुन्या पट्टिकेशेजारी नवी लावण्यापेक्षा एकत्र विकली जाणारी जोडी घेणे अधिक सुरक्षित असते. डीडीआर५ च्या चार पट्टिका लावल्यास वेग पुष्कळदा कमी ठेवावा लागतो.

निवड व चाचणी : प्रथम मदरबोर्डचे प्रतिमान पाहून माहितीपुस्तिकेतील चाचणी केलेल्या पट्टिकांची यादी तपासावी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये चालू वेग व वापरातील खोबणींची संख्या दिसते. पट्टिका बसविण्यापूर्वी वीजपुरवठा पूर्ण तोडावा व धातूच्या सांगाड्यास स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत् घालवावी. डीडीआर५ पट्टिका बसविल्यावर प्रथम चालू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तो दोष समजू नये. त्यानंतर ‘मेमटेस्ट८६’सारख्या आज्ञावलीने निदान एक पूर्ण फेरी तपासणी करावी. सदोष पट्टिकेमुळे संगणक दर वेळी बंद पडतोच असे नाही; कित्येकदा तो चालू राहतो आणि चुकीचे बिट धारिकांत लिहिले जातात. एकही चूक आढळल्यास पट्टिका त्वरित बदलून घ्यावी.