पडद्यावरचा समुद्र आणि पाण्याखालचा खडक

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी ओलांडून चाकणकडे निघाले की कुरुळी लागते. मोबाइलवरील नकाशा थोडा आकुंचित केला, तर हे गाव दिसेनासे होते आणि चाकण तेवढे उरते. आणखी आकुंचित केला, की चाकणही जाते, पुणे राहते. गाव अर्थातच जागच्या जागी असते. एवढ्याशा पडद्यावर सगळी नावे मावणार नाहीत, म्हणून संगणकाने ते वगळलेले असते. ट्रकचालकाला त्याचा फारसा उपद्रव नाही. रस्ता चुकलाच, तर तो टपरीवर चौकशी करतो. मात्र याच औद्योगिक पट्ट्यातील माल पुढे कंटेनरमधून न्हावाशेव्याला जातो आणि जहाजावर चढतो. त्या जहाजाचा अधिकारीही अशाच पडद्याकडे पाहत असतो. तेथे वगळली गेलेली गोष्ट खडक असेल, तर वाटेत विचारायला कोणी नसते.

जहाजांवरील या संगणकीय नकाशाप्रणालीला ‘एक्डिस’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २०१२ ते २०१८ या काळात ती मोठ्या व्यापारी जहाजांवर टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. भारताच्या किनाऱ्याचे सागरी नकाशे डेहराडूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करते. कागदी तसेच संगणकीयही. दोहोंतील फरक केवळ माध्यमाचा नाही. कागदी नकाशा एका ठरावीक प्रमाणासाठी काढलेला असतो. १:१०,००० या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर, तर १:१०,००,००० या प्रमाणात तोच सेंटिमीटर दहा किलोमीटरचा. (यातील पहिला ‘मोठ्या प्रमाणाचा’ आणि दुसरा ‘लहान प्रमाणाचा’, भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हमखास चकवणारी ही परिभाषा आहे.) त्या प्रमाणात काय ठेवायचे नि काय गाळायचे, हे नकाशाकार विचारपूर्वक ठरवीत असे. संगणकात मात्र पाहणाऱ्याच्या बोटाने प्रमाण क्षणोक्षणी बदलते आणि गाळण्याचे काम आधी घालून दिलेल्या नियमांनी होते.

त्यात काय बिघडू शकते, हे हिंदी महासागराने दोनदा दाखवून दिले आहे. पहिला प्रसंग २९ नोव्हेंबर २०१४ चा. केपटाउनहून अबुधाबीकडे निघालेली ‘टीम वेस्तास विंड’ ही शर्यतीची शिडाची नौका मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोस या प्रवाळ बेटांच्या रांगेवर रात्रीच्या अंधारात भर वेगात आदळली. नऊही खलाशी सुखरूप बचावले, हे नशीब. नौकेच्या मार्गदर्शकाने नकाशा पाहिलाच नव्हता, असे नाही. त्याने पाहिलेल्या लहान प्रमाणाच्या चित्रात तेथे चाळीस व ऐंशी मीटरच्या आसपासची खोली दिसत होती. पाण्याखाली जेमतेम पाच मीटर जाणाऱ्या नौकेला ती कितीतरी पुरेशी होती. तोच नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला असता, तर प्रवाळाची संपूर्ण रांग पडद्यावर उमटली असती. म्हणजे माहिती नौकेवर होती. ती डोळ्यांपुढे आली नाही.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे सुमारे तीनशे मीटर लांबीचे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळावर चढले. ऑगस्टमध्ये सुमारे एक हजार टन इंधन तेल समुद्रात पसरले. पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे ज्या बेटावर नांदत आहेत, तेथील खारफुटी आणि मासेमारीचे उथळ पाणी काळवंडले. जहाज भाड्याने घेतलेल्या ‘मित्सुई ओ. एस. के. लाइन्स’ या जपानी कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये कारणे जाहीर केली. किनाऱ्यापासून २२ नॉटिकल मैलांवरून जायचा मार्ग दोन दिवस आधी पाच मैलांवर आणला गेला आणि घटनेच्या दिवशी तो दोन मैलांवर नेण्याचा प्रयत्न झाला. हेतू, मोबाइलला सिग्नल मिळावा. एवढ्या जवळ जाण्यासाठी लागणारा पुरेशा प्रमाणाचा नकाशा जहाजावर नव्हता.

येथे चूक वेस्तासच्या नेमकी उलट आहे. तेथे तपशील असूनही पाहिला गेला नाही, येथे नसलेल्या तपशिलावर विसंबून मार्ग आखला गेला. कुरुळी-चाकणच्या कारखान्यांत यंत्रावर काम करणाऱ्याला ही गोष्ट सहज उमजेल. सुट्या भागाचे ड्रॉइंग संगणकावर दहापट मोठे केले, म्हणून त्यावर लिहिलेला टॉलरन्स दहापट काटेकोर होत नाही. सागरी नकाशाचेही तसेच आहे. कागदावर बिंदू नेमका टाकण्याची मर्यादा पूर्वापार सुमारे ०.३ मिलिमीटर मानली जाते. १:५०,००० प्रमाणात ती पंधरा मीटर भरते, १:१०,००,००० मध्ये तीनशे मीटर. म्हणजे अख्ख्या वाकाशिओच्या लांबीएवढी. मूळ प्रमाणापेक्षा नकाशा जास्त ताणला, तर एक्डिसने तशी सूचना दाखवलीच पाहिजे, असा नियम आहे. पण रेघा ताणूनही सुबकच राहतात, आणि सुबक रेघेवर माणसाचा विश्वास बसतो. उपग्रहांमुळे जहाजाची स्वतःची जागा काही मीटरपर्यंत कळू लागली, हा त्या विश्वासाला आणखी एक टेकू.

खडकाची जागा मात्र जुन्या सर्वेक्षणावर अवलंबून असते. काही ठिकाणी तर दोरीला शिसे बांधून खोली मोजण्याच्या काळातील. म्हणून प्रत्येक क्षेत्राला विश्वासार्हतेची श्रेणी दिलेली असते. ‘ए१’ श्रेणीत जागेची चूक पाच मीटरपर्यंत, ‘बी’मध्ये पन्नास, तर ‘सी’मध्ये पाचशे मीटरपर्यंत गृहीत धरायची. पडद्यावर हे ताऱ्यांनी दर्शवतात: सहा तारे सर्वोत्तम, दोन तारे अगदीच सुमार. अडचण अशी, की हे तारे सर्व क्षेत्रभर पसरतात आणि खाली आधीच बोया, दीपस्तंभांच्या खुणा, सीमारेषा यांची दाटी असते. प्राँग्ज आणि खांदेरीच्या दीपगृहांदरम्यान मुंबई बंदराच्या तोंडाशी, जेथे मच्छीमार नौका, गाळ उपसणारी जहाजे आणि कंटेनरवाहू बोटी एकाच वेळी वावरतात, तेथे हा पसारा कोणाला हवासा वाटेल? अधिकारी तारे बंद करून टाकतो. गैरसोयीची म्हणून नकाशाची सर्वांत प्रामाणिक खूणच पहिल्यांदा मिटवली जाते, हे मला या साऱ्या व्यवस्थेचे मर्मस्थान वाटते.

दाटी आवरण्यासाठी माहितीचे तीन थर केलेले आहेत. किनारा, जहाजाला सुरक्षित अशा खोलीची रेषा आणि सुरक्षित पाण्यातील एकाकी धोके हे पायाभूत थरात असतात, ते पुसताच येत नाहीत. दुसऱ्या थरात बोया, जलमार्गाच्या सीमा, प्रतिबंधित क्षेत्रे येतात. आणि खोलीचे सुटे आकडे? ते तिसऱ्या, ऐच्छिक थरात. पाण्याखालील केबल व नळही तेथेच. कागदी नकाशावर वाढलेल्या जुन्या खलाशाची नजर प्रथम या आकड्यांकडे जाई. आज ते मुद्दाम मागावे लागतात. शिवाय, अमुक प्रमाणाच्या अलीकडे अमुक खूण दाखवू नये, अशी नोंद नकाशातील बहुतेक वस्तूंना जोडता येते. बुद्धी शाबूत ठेवून केलेली ही योजना आहे. मात्र ‘येथे काहीतरी लपवले आहे’ असे पडदा ठळकपणे सांगत नाही.

सुरक्षित खोलीच्या रेषेतही एक मेख आहे. अधिकाऱ्याने बारा मीटर मागितले आणि नकाशात केवळ दहा व वीसच्या रेषा असल्या, तर यंत्र सावधपणे वीसची निवडते. परिणामी जाण्याजोगे बरेच पाणीही धोक्याच्या रंगात रंगते. मग इशाऱ्यांचा गजर सतत वाजतो आणि सतत वाजणारा गजर कोणी ऐकत नाही.

आता ‘एस-१००’ या नव्या मानकावर आधारलेली यंत्रे १ जानेवारी २०२६ पासून वापरता येतात. २०२९ पासून नव्याने बसवायची प्रत्येक एक्डिस त्याच मानकाची असेल. भरती-ओहोटीनुसार बदलणारी पाण्याची पातळी, प्रवाह, तळाची बारकाईने मोजलेली खोली हे सारे एकमेकांवर रचून दाखवता येईल. बारा मीटर मागितल्यावर बाराचीच रेषा मिळणे त्यामुळे शक्य होईल, हा मोठाच लाभ. त्याबरोबर थरही वाढतील. कोणता थर कशावर आणि कधी दाखवायचा, यासाठी स्वतंत्र नियमावली करावी लागली आहे. तोपर्यंत जुनी रीतच कामी येते: निघण्यापूर्वी आखलेल्या मार्गाचा प्रत्येक टप्पा उपलब्ध असलेल्या सर्वांत मोठ्या प्रमाणावर, बंद ठेवलेले थर एकदा तरी उघडून, टोकापासून टोकापर्यंत सरकवत पाहायचा. न्हावाशेव्याहून दूरच्या बंदरापर्यंतच्या मार्गासाठी हे काम कंटाळवाणे आणि वेळखाऊ आहे.