कानाची दोन कामे



कान कशासाठी असतो असे कोणी विचारले तर आपण सगळे एका सुरात म्हणू, ऐकण्यासाठी. मी पण तेच म्हणत होतो. पण कानाला दोन कामे आहेत. एक ऐकण्याचे आणि दुसरे शरीराचा तोल सांभाळण्याचे. हे मला आमच्या आबांमुळे कळले. म्हणून आधी आबांचे सांगतो, मग कानाचे सांगतो.

आमचे आबा चालताना झोकांड्या खातात. दिवसा कमी, रात्री जास्त. शेताच्या बांधावरून चालताना ते दोन्ही हात पसरतात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका लग्नाहून रात्री घरी येत होतो. लाईट गेलेली होती. आबा दोनदा भिंतीला धडकले. तेव्हा पारावर बसलेल्या पोरांपैकी एक जण म्हणाला, "म्हातारं लई चढवून आलंय." सगळे खदाखदा हसले. आमचे आबा माळकरी आहेत. त्यांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही. ते काहीच बोलले नाहीत. पण तेव्हापासून ते रात्री कोणाच्या कार्याला जात नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी आबांना लातूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. नेले होते कमी ऐकू येते म्हणून. मी पण सोबत होतो. डॉक्टरांनी विचारले, "चालताना तोल जातो का?" बाबा म्हणाले, "जातो की. पण त्याचा अन् कानाचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाले, "कानाचाच तर संबंध आहे." त्यांनी कागदावर चित्र काढून सगळे समजावून सांगितले. तेच चित्र मी शेजारी काढले आहे. राहिलेले आमच्या बाईंनी समजावले.

कानाच्या आत काय आहे?

कानाचे तीन भाग आहेत. बाहेरचा, मधला आणि आतला. बाहेरचा कान आवाज गोळा करतो. आवाज नळीतून आत जाऊन पडद्यावर आदळतो आणि पडदा थरथरतो. मधल्या कानात तीन बारकी हाडे आहेत. त्यांची नावे हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे घोड्यावर बसताना पाय ठेवायची कडी. हे हाड तसेच दिसते. ते सुमारे ३ मिलिमीटरचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे आहे. आपल्या शरीरातले ते सर्वांत लहान हाड. ही हाडे पडद्याची थरथर आतल्या कानाला पोचवतात.

आतला कान डोक्याच्या कठीण हाडात लपलेला आहे. तो पाण्यासारख्या द्रवाने भरलेला असतो. तेथे दोन घरे शेजारी शेजारी आहेत. एका घरात गोगलगायीच्या शंखासारखी नळी आहे. तिला सुमारे अडीच वेटोळे असतात. ही नळी ऐकण्याची. दुसऱ्या घरात तीन अर्धगोल नळ्या आणि दोन पिशव्या आहेत. हे घर तोल सांभाळण्याचे.

दोन्ही घरांत अगदी बारीक केस असलेल्या पेशी असतात. ज्वारीच्या शेतात वारा सुटला की ताटे वाकतात, तसे द्रव हलला की हे केस वाकतात. केस वाकले की मेंदूला निरोप जातो. शंखातले केस वाकले तर मेंदू म्हणतो, आवाज आला. अर्धगोल नळीतले केस वाकले तर मेंदू म्हणतो, डोके फिरले.

नळ्या तीनच कशाला?

वर्गाचा एक कोपरा बघा. दोन भिंती आणि फरशी तेथे एकमेकींना काटकोनात मिळतात. तीन नळ्या तशाच बसवल्या आहेत. आपण "हो" म्हणून मान हलवली तर एका नळीतला द्रव जास्त हलतो. "नाही" म्हणून हलवली तर दुसरीतला. मान खांद्याकडे कलती केली तर तिसरीतला. म्हणून डोके कसेही फिरले तरी कळते.

दोन पिशव्यांत बारीक बारीक खडे असतात. ते कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. आपल्या वाड्याला जी शहाबादी फरशी घालतात, ती पण त्याचीच. खडे जड असल्यामुळे डोके वाकले की खाली ओघळू पाहतात आणि केसांना ओढतात. त्यावरून वर कुठे आणि खाली कुठे ते कळते. एस.टी. एकदम सुटली किंवा ब्रेक लागला, तर डोळे मिटलेले असले तरी आपल्याला कळते, ते या खड्यांमुळेच.

तुम्ही करून बघा

पहिला प्रयोग. एका तांब्यात पाणी घ्या. त्यात लिंबाचा वाळलेला पाला चुरून टाका. तांब्या गोल फिरवा. आधी तांब्या फिरतो आणि पाणी मागे राहते. मग पाणी पण फिरायला लागते. आता तांब्या एकदम थांबवा. पाणी फिरतच राहते! पंचमीला मुली फुगडी खेळतात आणि थांबल्यावर सगळे गाव गरगर फिरताना दिसते, त्याचे कारण हेच. पाय थांबले, पण कानातला द्रव थांबला नाही. मेंदूला वाटते, अजून फिरणे चालूच आहे.

दुसरा प्रयोग. पुस्तक हातात धरून भराभर डावीकडे उजवीकडे हलवा. अक्षरे पुसट होतात. आता पुस्तक स्थिर ठेवा आणि मान तशीच हलवा. अक्षरे वाचता येतात! कारण कान डोळ्यांना सांगतो, डोके इकडे चालले, तुम्ही तिकडे वळा. आबांना चालता चालता एस.टी.ची पाटी वाचता येत नाही. अक्षरे नाचतात. उभे राहिले की वाचता येते. आम्हाला वाटायचे चष्मा बदलायला पाहिजे.

तिसरा प्रयोग. एका पायावर उभे राहा आणि आकडे मोजा. मग डोळे मिटून तेच करा. जवळ कोणाला तरी उभे करा, नाहीतर पडाल. मी डोळे उघडे ठेवून ६० मोजले. मिटून ९ मोजले अन् आपटलो. तोल सांभाळायला तीन साक्षीदार लागतात. डोळे, पाय आणि कान. एक गेला तर दोघे निभावून नेतात. दोन गेले तर अवघड होते.

शास्त्रज्ञांनी काय शोधले?

अमेरिकेत १८८२ साली विल्यम जेम्स यांनी ऐकू न येणाऱ्या पुष्कळ माणसांना व मुलांना गोल फिरवून पाहिले. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना चक्करच आली नाही. म्हणजे ऐकणे आणि तोल शेजारी आहेत असे दिसले. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. कान धुताना पाणी फार थंड किंवा फार गरम झाले तर रोग्याला चक्कर येते. पाण्याने आतला द्रव गार किंवा गरम होतो आणि वाहू लागतो. या कामाबद्दल त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती बातमी आली तेव्हा ते रशियाच्या कैदेत होते, कारण पहिले महायुद्ध चालू होते.

लातूरच्या डॉक्टरांनी आबांच्या कानात थंड पाणी सोडले. आबा शांत बसून राहिले. त्यांना चक्कर आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, तोलाचे केस मेले आहेत.

केस कशाने मेले?

१९८५ साली आबांना क्षयरोग झाला होता. तेव्हा त्यांना दोन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन दिले. हे औषध १९४३ साली अमेरिकेत शोधले गेले आणि त्याने जगात लाखो माणसे वाचवली. आबा पण त्यानेच वाचले. पण काही जणांच्या आतल्या कानाला ते सोसत नाही. ते आधी तोलाच्या पेशी मारते आणि काहींचे ऐकणेही कमी करते. माणसाच्या कानातल्या या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. आता साध्या क्षयरोगाला गोळ्या देतात. म्हणून माझे वाचून कोणी भिऊन औषध सोडू नका. मात्र औषध चालू असताना कानात आवाज येऊ लागला किंवा तोल जाऊ लागला तर लगेच डॉक्टरांना सांगा.

दोन्ही घरांचा द्रव एकमेकांशी जोडलेला आहे, पेशी एकाच जातीच्या आहेत, आणि दोघांचा निरोप एकाच मज्जातंतूतून मेंदूकडे जातो. म्हणून एका घराला आग लागली तर शेजारच्यालाही झळ लागते.

भूकंपाची रात्र

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे दगावली. आमच्या घराची पण एक भिंत पडली. माझे बाबा तेव्हा लहान होते. आजीने उभ्याने त्यांना उचलून अंगणात पळवले. आबांना उभेच राहता आले नाही. ते रांगत रांगत बाहेर आले. त्यानंतर ते नेहमी म्हणायचे, "मी भ्यालो. लेकराला सोडून रांगत आलो."

डॉक्टरांकडून येताना एस.टी.त बाबा म्हणाले, "आबा, त्या रात्री अंधार होता, म्हणजे डोळे गेले. जमीन हलत होती, म्हणजे पाय गेले. कान तर आधीच गेलेला. तिन्ही साक्षीदार नव्हते. तुम्ही भ्यालात नव्हतात." आबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. निलंगा आले तरी काही बोलले नाहीत. उतरताना मात्र त्यांनी बाबांचा हात धरला. याआधी ते कोणाचा हात धरत नव्हते.

पालकांना विनंती

कानात काडी, पिन किंवा तेल घालू नका. मुलांच्या कानाखाली मारू नका. कान वाहत असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण रोग आत शिरला तर ऐकणे आणि तोल दोन्ही जाऊ शकतात. वरातीत डी.जे.च्या अगदी जवळ लेकरांना उभे करू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातले डॉक्टर शाळेत आणि अंगणवाडीत तपासायला येतात, तेव्हा कानाचे पण सांगा. मुंबईला वांद्र्यात ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या अडचणींसाठी अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे.

आणि मित्रांनो, रात्री आमचे आबा झोकांड्या खाताना दिसले तर हसू नका. त्यांच्या पायापुढे बॅटरी धरा. डोळ्यांना दिसले की त्यांना नीट चालता येते.

– इयत्ता ४ थी